मंजुळाने घेतलेलं नाव

मंजुळा पेडणेकरचा आवाज भांडुपच्या टेंभीपाड्यात कोणीही ओळखेल. वर्षानुवर्षं मैदानावर ओरडून तो जरा फाटलाय. आधी ती खेळाडू होती, मग कबड्डीची पंच झाली. वडील गिरणीत होते. संपानंतर विक्रोळीच्या एका कारखान्यात रखवालदार म्हणून लागले. मुलीने मैदानावर जाऊ नये असं ते कधी म्हणाले नाहीत. आता ती मुलुंडच्या एका शाळेत कार्यालयात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून घाटकोपर, कुर्ला, गोवंडी, जिथे सामना असेल तिथे जाते. नवऱ्याला तिने सोडलं. तो मारायचा. हे ती लपवत नाही आणि सांगत फिरतही नाही. म्हातारी आई, शेवंतीबाई, तिच्याकडेच असते.

मी तिच्या शेजारच्या इमारतीत राहते. जे झालं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं तिने मला सांगितलं. शांतपणे सांगायला मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

भांडुपला पुरुषांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूला इथलाच संघ, दुसऱ्या बाजूला ट्रॉम्बे कोळीवाड्याचा. शेवटची चढाई ट्रॉम्बेच्या दिपेश तांडेलची. संघ एका गुणाने मागे, समोर बचावात सहा जण, म्हणजे बोनस मिळू शकत होता. दिपेशने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, परत आला आणि हात वर करून गुण मागितला. त्या बाजूला पंच मंजुळा होती. नियम असा की पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत पाहिजे. मंजुळाच्या डोळ्यांसमोर तो जमिनीला लागलेला होता. तिने गुण नाकारला. ट्रॉम्बे हरलं.

दिपेश तिच्यासमोर येऊन उभा राहिला. पोरगा घामाने निथळत होता. म्हणाला, "मॅडम, तुमचं चुकलं. माझा पाय वर होता." मंजुळा म्हणाली, मी पाहिलं ते दिलं. तो मान हलवत निघून गेला. एवढंच. मैदानावर असं रोज होतं.

दोन दिवसांनी 'मैदान बोलतंय' नावाचं एक खातं उगवलं. नाव नाही, चेहरा नाही, फोटोच्या जागी शिट्टीचं चित्र. त्यावर शेवटच्या चढाईच्या व्हिडिओचा तुकडा होता, मैदानाच्या भलत्याच कोपऱ्यातून घेतलेला. त्या कोपऱ्यातून पाय हवेत असल्यासारखा वाटत होता. खाली लिहिलेलं, बाई घरच्या संघाला विकली गेली. तिथवर ठीक होतं. पंचाने शिव्या खायच्याच असतात, असं मंजुळा स्वतःच म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात मजकूर मैदान सोडून तिच्या घरात शिरला. नवऱ्याने टाकलेली. आयोजकांच्या खोलीत काय काय चालतं विचारा. मग तिचा चेहरा कापून दुसऱ्याच कोणा बाईच्या उघड्या अंगावर चिकटवलेला फोटो. तो शाळेच्या पालकांच्या गटात फिरला. मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात थोडे दिवस रजा घ्यायला सांगितलं. रजा तिने घ्यायची. फोटो तयार करणारा मात्र कामावर जात असणार, संध्याकाळी घरी येऊन जेवत असणार.

शेवंतीबाईंना फोनमधलं वाचता येत नाही. पण जिन्यात बायका गप्प होतात हे त्यांना कळायचं. त्यांनी लेकीला विचारलं, "कोणी काय लिवल्यान गे तुझ्याबद्दल?" मंजुळाने सांगितलं, खेळातलं आहे, तू झोप.

पोलीस ठाण्यात तिचा अर्ज घेतला. तिथला अधिकारी उद्धट नव्हता. तो म्हणाला कंपनीकडून माहिती मागवावी लागते, वेळ लागतो, तोवर तुम्ही त्याला ब्लॉक करून टाका. मंजुळाने विचारलं की मी ब्लॉक केलं तर मला दिसणार नाही, बाकी भांडुपला दिसेलच ना? त्यावर त्याने चहा मागवला.

आणि सल्ले. सगळ्यांकडे सल्ले होते. लक्ष देऊ नकोस. कुत्री भुंकतात. तू मोठ्या मनाची आहेस. मला या मोठ्या मनाची चीड येते. ते नेहमी मार खाणाऱ्याकडूनच मागितलं जातं.

राजेश हा भांडुपच्या संघाचा जुना खेळाडू, मंजुळाच्या हाताखाली तयार झालेला. त्याचं रक्त तापलं. त्याने ठरवलं की हे काम दिपेश तांडेलचंच. सामना त्याचा गेला, भांडला तोच, शिवाय खातं सुरू झालं त्याच दिवशी ट्रॉम्बेच्या पोरांनी तोच तुकडा एकमेकांना पाठवला होता. एवढा पुरावा राजेशला पुरला. त्याने दिपेशचा फोटो, फोन नंबर आणि कोळीवाड्यातली गल्ली, सगळं टाकून दिलं. वर लिहिलं, हाच तो लपलेला मर्द. संध्याकाळपर्यंत ते हजारो लोकांनी पुढे पाठवलं होतं. मंजुळाला राजेशने नंतर फोन केला, ताई, पकडला साल्याला. ती मला प्रामाणिकपणे म्हणाली की त्या संध्याकाळी तिला बरं वाटलं होतं. महिनाभरात पहिल्यांदा ती पोटभर जेवली. तिला पटायलाही कारण होतं, कारण 'मैदान बोलतंय' त्या दिवसापासून एकदम गप्प झालं.

दिपेशची आई जयंती मासळी विकते. ती एका सकाळी मंजुळाच्या दारात आली. डोक्यावर पाटी नव्हती, पदर खोचलेला, पायात चपला दोन वेगवेगळ्या. मी तेव्हा तिथेच होते. मंजुळाने बस म्हटलं तरी ती बसली नाही. तिने सांगितलं ते असं. दिपेशला विक्रोळीच्या एका कंपनीच्या संघात घेणार होते, नोकरीसकट. त्यांनी आता सध्या नको म्हणून कळवलं होतं. रात्रंदिवस फोन येत होते, आईबहिणीवरून. दोन पोरं बाजारात येऊन तिच्या पाटीचा व्हिडिओ काढून गेली, बघा याची आई. त्यानंतर रोजची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. दिपेश घरातून बाहेर पडत नव्हता.

मग ती म्हणाली, "बाय, माझ्या पोराला जे बोलायचं होतं ते तो तुझ्या तोंडावर बोलला ना? मग तो लपून कशाला बोलंल?"

इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

तिने जयंतीसमोरच राजेशला फोन लावला आणि विचारलं, तुझ्याकडे दिपेशविरुद्ध नक्की काय आहे? राजेश म्हणाला, ताई, सगळ्यांनाच माहितीये. तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, खातं बंद पडलं ना, मग? मंजुळाने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्याने मजकूर काढला, चूक झाली असंही लिहिलं. ती चूक झाल्याची ओळ साठ-सत्तर लोकांनी वाचली असेल. आरोप हजारोंनी वाचला होता. माफी पुढे पाठवावी असं कोणाला वाटत नाही.

पावसाळा संपता संपता राज्य पातळीवरच्या स्पर्धेसाठी पंचांची निवड झाली. आमच्या भागातून एकच नाव होतं, मंजुळाचं. दुसऱ्याच दिवशी 'मैदान बोलतंय' जागं झालं. या वेळी त्याने एक नवा फोटो टाकला. शाळेच्या वर्गात मंजुळा चहाचा कप हातात धरून आयोजकांशी हसून बोलतेय. खाली लिहिलेलं, अंतिम सामन्याआधी सौदा ठरताना.

मंजुळा तो फोटो बराच वेळ बघत बसली. तो वर्ग अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानाशेजारच्या शाळेने पंचांना बसायला दिला होता. बाहेरच्या कोणाला आत सोडलं नव्हतं. चहा पिताना आत तिघंच होते, ती, आयोजक आणि मार्तंड नेरूरकर. ती आणि आयोजक दोघंही फोटोत होते.

मार्तंड हा तिचा जोडीचा पंच. कितीतरी वर्षं दोघांनी एकाच मॅटच्या दोन बाजू सांभाळल्या, सामने संपल्यावर एकाच रिक्षाने भांडुपला परतले. तिच्या वडिलांना खांदा द्यायला होता तो. या सगळ्या महिन्यांत त्याने तिला आठवड्यातून एकदा फोन करून विचारलं होतं, कशी आहेस, काही कळलं का कोण ते? तिने मला सांगितलं की त्या नागड्या फोटोपेक्षा तिला हे फोन जास्त लागले.

ती त्याच्या सोसायटीत गेली. तो खाली गाडी पुसत होता. तिने फोनवरचा फोटो त्याच्यासमोर धरला आणि म्हणाली, हा तू काढलास. आधी तो हसला. मग म्हणाला, माझा फोन कोणी घेतला असेल. मग जे बोलला ते ऐकून मंजुळाला वाटलं की आपण या माणसाला कधी ओळखतच नव्हतो. तो म्हणाला की मी इतकी वर्षं घासतोय आणि दर वेळी निवड होते तुझी, कारण त्यांना बाई दाखवायची असते. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं, मग हात थांबला नाही. आणि तुझं काय बिघडलं? तुझी निवड तर झालीच.

"आणि दिपेश?" तिने विचारलं.

"ते मी नाही केलं. ते तुझ्या राजेशने केलं."

"तू बघत बसलास."

त्याने हातातलं फडकं पिळलं. नंतर तिच्याच जुन्या गोष्टीचा दाखला त्याने दिला. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने नाव न देता लिहिलं होतं, एक प्रशिक्षक सरावात कुठे कुठे हात लावतो म्हणून. पंच मंडळात सगळे ती मुलगी कोण ते शोधायला निघाले होते आणि मंजुळाच आडवी उभी राहिली होती, नाव शोधायचं नाही म्हणून. मार्तंड म्हणाला, तेव्हा निनावी लिहिणं तुला चाललं.

"ती पोरगी भीतीने लपली होती, मार्तंड. तू मजा घ्यायला लपलास."

तेव्हा त्याने हात जोडले. श्रुतिकाचा, त्याच्या मुलीचा, साखरपुडा ठरला होता. बाहेर कळलं तर मुलाकडची माणसं तो मोडतील म्हणाला. मंजुळाने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. दिपेशचा यात हात नव्हता, हे त्या खात्यावर लिही आणि खाली तुझं नाव घाल. त्याने कबूल केलं. दुसऱ्या दिवशी खातंच नाहीसं झालं. लिहिलं काहीच नाही.

ती पंच मंडळाकडे गेली. फोटो दाखवला, झालेलं बोलणं सांगितलं. मार्तंडने तिथेही ते कबूल केलं. अध्यक्ष म्हणाले, आपल्यातलाच माणूस आहे, घरातलं घरात मिटवू. कोणीतरी म्हणालं, मुलीच्या लग्नाचा तरी विचार करा मॅडम. जयंतीच्या पाटीचा विचार कोणी केला नव्हता, दिपेशच्या नोकरीचा कोणी केला नव्हता, मंजुळाच्या आईचा कोणी केला नव्हता. पण ज्याला इतके महिने तोंडच नव्हतं त्याला आता घर होतं, मुलगी होती, अब्रू होती, आणि ती सगळी मंजुळाने सांभाळायची होती. मार्तंडने प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला असं ठरलं. पुढच्या महिन्यात त्याचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि टाळ्या. खेळाची निष्ठेने सेवा केली, असं भाषण झालं. त्याच दिवशी दिपेशला कंपनीच्या माणसाने पुन्हा विचारलं होतं, बाबा, ते सोशल मीडियाचं प्रकरण मिटलं का?

शाल दिल्याचा फोटो मंजुळाने माझ्याच घरी पाहिला. फोन खाली ठेवला आणि म्हणाली की हे मला आता पचणार नाही.

तिने मला व्हिडिओ काढायला सांगितला. ती भिंतीला टेकून उभी राहिली, शाळेत जाते त्याच साडीत. आपलं पूर्ण नाव सांगितलं, आपण पंच आहोत हे सांगितलं. मग म्हणाली की 'मैदान बोलतंय' हे खातं मार्तंड नेरूरकर चालवत होता, त्याने माझ्याकडे आणि मंडळासमोर ते कबूल केलंय, आणि दिपेश तांडेलचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मी खोटं बोलत असेन तर माझ्यावर खटला भरा, मी कुठे राहते ते सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओत मार्तंडचा फोटो नाही, पत्ता नाही, तो कुठे नोकरी करतो ते नाही. शेवटी तिने सांगितलं की त्याच्या घरच्यांनी काहीही केलेलं नाही, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मी तिला म्हटलं, लोक शेवटचं वाक्य ऐकतील असं तुला वाटतं? ती म्हणाली, नाही वाटत, तरी म्हणायचंय.

नाहीच ऐकलं. राजेशसारखेच हजार राजेश बाहेर पडले. श्रुतिकाचे फोटो शोधून काढले, होणाऱ्या नवऱ्याला नावानिशी हाक मारून विचारलं, या घरातली मुलगी करणार का? आणि कोणीतरी श्रुतिकाचाही चेहरा कापून दुसऱ्या अंगावर चिकटवला. तीच कात्री, फक्त मान बदलली. हे करणारे स्वतःला मंजुळाच्या बाजूचे म्हणवत होते. तिच्या व्हिडिओखाली येऊन लिहीत होते, ताई, तुमचा बदला घेतला. मंजुळाने व्हिडिओखालची सगळी बडबड बंद करून टाकली आणि श्रुतिकाचा तो फोटो छापून घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तोच अधिकारी होता. त्याला आधी कळेना. त्याने विचारलं की ही त्याचीच मुलगी ना, मग तक्रार तुम्ही का देताय? मंजुळाने सांगितलं, कारण हे माझ्या नावाने केलंय. सोबत तिने मार्तंडविरुद्धचा जबाबही नोंदवला. दोन्ही एकाच टेबलावर.

श्रुतिका आली ती दिवाळीनंतर. पंचविशीची मुलगी, डोळे सुजलेले, पण रडायला आलेली नव्हती. ती भांडायला आली होती. तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना लोक आमचं काय करतील? तरी नाव घेतलंत."

मंजुळा म्हणाली, "माहीत होतं."

"मग तुमच्यात आणि पप्पांमध्ये फरक काय?"

मला वाटलं मंजुळा चिडेल. तिने पोरीला पाणी दिलं. म्हणाली की तुझ्या वडिलांना मी आधी एकट्यात विचारलं, मग मंडळात विचारलं. एक ओळ मागितली होती, दुसऱ्याच्या पोरावरचा डाग पुसणारी. ती त्यांनी लिहिली असती तर तुझ्यापर्यंत काहीच आलं नसतं. आणि मी जे बोलले ते माझ्या तोंडाने बोलले, कोणाला जाब विचारायचा असेल तर मी इथे आहे, जशी तू आत्ता आलीस. तुला झालं ते वाईट झालं. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही. पण मी गप्प बसले असते तर दिपेश जन्मभर चोर राहिला असता.

श्रुतिका म्हणाली की हे सगळं बोलायला बरं वाटतं. पाण्याचा पेला तसाच ठेवून ती गेली. तिने माफ केलं नाही आणि मंजुळाने ते मागितलंही नाही. साखरपुडा पुढे ढकलला असं कानावर आलं, मोडला की नाही ते मला ठाऊक नाही. मंजुळाला त्या विषयावर मी विचारत नाही. तिला झोप लागत नाही अशा दिवसांत बहुधा तेच डोक्यात असतं.

दिपेशला ती नोकरी मिळाली नाही, तिथे दुसरा मुलगा घेतला होता. पण ठाण्याच्या एका संघाने त्याला करारावर घेतलं आणि जयंतीची बरीचशी गिऱ्हाइकं परत आली. ज्या दोघांनी तिच्या पाटीचा व्हिडिओ काढला होता ती पोरं कोण ते अजून कळलेलं नाही. मार्तंडवरची चौकशी चालू आहे म्हणतात. तो आता बाजारात दिसला की लोक नमस्कार करतात. थोडे कमी लोक करतात, पण करतात. मंडळाने मंजुळाला एक पत्र दिलं, संस्थेची बदनामी केल्याबद्दल समज म्हणून. निवड मात्र काढून घेण्याची त्यांची हिंमत झाली नाही.

मागच्या रविवारी घाटकोपरला सामना होता, मी पाहायला गेले होते. एका पकडीवर मंजुळाने बचावाला गुण दिला आणि मैदानाशेजारच्या दुकानातला एक म्हातारा दुकान सोडून तिच्या अंगावर धावून आला. तिला दिसत नाही म्हणाला, चष्मा घे म्हणाला, चढाईवाल्या पोराचा हात मधल्या रेषेला लागलेला त्याने स्वतः पाहिला म्हणाला. नाव विचारल्यावर चंद्रप्रकाश सांगितलं, वडिलांच्या नावासकट. सामना संपल्यावर मंजुळा त्याच्या दुकानासमोर उभी राहून त्याच्याशी त्या एका पकडीवरून भांडत होती, हात कुठे होता, रेषा कुठे होती ते बुटाच्या टोकाने मातीत काढून दाखवत. म्हातारा मानायला तयार नव्हता. मला घरी जायला उशीर होत होता, पण ती हलेना.